बसकी गाडी आणि बदललेली नोकरी

स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारांची, बहुधा दोनच माणसांची, जमिनीलगत बसलेली आणि रस्ता मोकळा असेल तर फार वेगाने जाणारी मोटार. यातली पहिली तीन लक्षणे पुण्यात वर्षभर दिसतात. चौथे पाहायला पहाटे उठावे लागते. मराठीत या वाहनाला रुळलेले नाव नाही. कोथरूडच्या सोसायट्यांत तिला ‘ती बसकी गाडी’ म्हणतात, लहान मुले सरसकट ‘लॅम्बोर्गिनी’ म्हणतात आणि वॉचमन तिला फ्लॅटच्या नंबराने ओळखतो.

हा प्रकार रुजला ब्रिटनमधल्या अरुंद, वळणावळणाच्या ग्रामीण रस्त्यांवर. एमजी आणि ट्रायम्फ या कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या, उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्या भरपूर बनवल्या. पावसात टप गळून पाणी मांडीवर पडे आणि मालक ही गोष्ट अभिमानाने सांगत. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ काढली, म्हणजे न गळणारी ब्रिटिश गाडी काढली, आणि २०१६ पर्यंत दहा लाख बनवून दाखवल्या. भारतात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासची दोन आसनी गाडी गोव्यात तयार झाली. इंजिन रेनोचे, शक्ती साठ अश्वशक्ती. हल्ली मुलांना शाळेत सोडणाऱ्या हॅचबॅकमध्येही तेवढी असते. स्टॉर्म फारशी खपली नाही. त्यामुळे आज इथे जी स्पोर्ट्स कार दिसते ती बहुतेक वेळा परदेशातून बांधून आलेली असते. तिच्यावर जबर आयात शुल्क भरलेले असते आणि महाराष्ट्रात तिच्या नोंदणीला २० टक्के कर बसलेला असतो. देशात बनलेल्या साध्या पेट्रोल गाडीला तोच कर ११ ते १३ टक्के आहे.

म्हणून नोकरदार माणूस ही गाडी नवी घेत नाही. मुंबईच्या एखाद्या हौशी मालकाने चार वर्षे वापरून, म्हणजे न वापरता, विकायला काढलेली गाडी तो मोठ्या एसयूव्हीच्या किमतीत उचलतो. घरी सांगताना ‘एसयूव्हीएवढ्यातच पडली’ हे वाक्य आधी येते आणि ‘सीटा दोन आहेत’ हे नंतर.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे एक नमुना चालक घेतला आहे. (नमुना हा शब्द शास्त्रीय अर्थाने वापरला आहे. सोसायटीत तो वेगळ्या अर्थाने वापरतात.) नमुना चालकाचे वय चाळीसच्या आसपास, राहणे कोथरूडला, गाडी बीएमडब्ल्यू झेड-४, नंबर एमएच १२, आणि गाडी घेतली तेव्हाची नोकरी तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत. ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. पहिल्या पाळीच्या वेळेला कारखान्यात पोचायचे म्हणजे सकाळी सहालाच घर सोडायचे. त्या वेळी चांदणी चौक मोकळा असतो, बाह्यवळण मार्गावर ट्रक डाव्या बाजूला शिस्तीत चालण्याची निदान शक्यता असते आणि किवळ्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. हा मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. तळेगावला जाणाऱ्या चालकाच्या वाट्याला त्यातला जेमतेम पहिला तुकडा येतो. तेवढ्या तुकड्यासाठी माणसाने एवढी रक्कम का घालावी, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि अर्थशास्त्राने त्याला हात घातलेला नाही.

झेड-४ चे सहा सिलिंडरचे रूप शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांत गाठते. द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना वेगमर्यादा १०० चीच आहे. म्हणजे कायद्याने परवानगी असलेला आनंद साडेचार सेकंदांत संपतो, आणि पुढचा सगळा वेळ कॅमेऱ्याने फोटो काढला की नाही याच्या विचारात जातो. तरीही या काळात नमुना चालक समाधानी असतो. रोज सकाळी साडेचार सेकंद आनंद ही नोकरीतली वाईट सोय नव्हे. काही नोकऱ्यांत तो महिन्यातून एकदा, पगाराचा मेसेज येतो तेव्हाच मिळतो, आणि त्याचीही मुदत साधारण तेवढीच असते.

मग नोकरी बदलते. नोकरी बदलण्याची प्रक्रिया पुण्यात प्रमाणित झालेली आहे. तीन मुलाखती, एक एचआरची फेरी, जुन्या पगारावर तीस टक्के वाढ मागणे, बावीसवर तडजोड, आणि नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. या नव्वद दिवसांत माणूस ऑफर लेटर इतक्या वेळा वाचतो की मूळ वेतन, घरभाडे भत्ता, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे हे सगळे आकडे पाठ होतात. त्या तक्त्यात रस्त्याचा रकाना नसतो. कामाचे ठिकाण ‘हिंजवडी, टप्पा २’ असे एका ओळीत, बारीक अक्षरात लिहिलेले असते. कोथरूडपासून अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, तळेगावच्या निम्म्याहून कमी. चालक नकाशा रात्री अकराला उघडतो, नकाशा पंचवीस मिनिटे सांगतो, आणि चालक पेढे आणायला जातो.

हिंजवडीचे राजीव गांधी आयटी पार्क मुळशी तालुक्यात आहे. पुण्याहून तिथे जाणारे बहुतेक लोक वाकडच्या पुलाखाली एकत्र जमतात आणि तिथून पुढे शिवाजी चौकाकडे सरकतात. ‘जातात’ असे म्हणण्याची पद्धत आहे, पण ती चुकीची आहे. ज्यांना वाकड नको ते भूमकर चौकातून वळतात आणि तिथे असेच वाटलेल्या लोकांना भेटतात. नेदरलँड्सच्या टॉमटॉम कंपनीने जगातल्या शहरांच्या २०२४ सालच्या वाहतुकीचा जो निर्देशांक काढला, त्यात पुणे मंदगतीत चौथे आले. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. कोलकाता आणि बेंगळुरू थोडक्याने पुढे निघून गेले, याची रुखरुख काही पुणेकरांना अजून आहे. या हिशेबाने ताशी वेग होतो १८ किलोमीटर. केनियाचा धावपटू इलियुड किपचोगे याने २०२२ मध्ये बर्लिनची मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पूर्ण केली. त्या गतीने दहा किलोमीटरला पावणेएकोणतीस मिनिटे लागतात. म्हणजे किपचोगे आणि झेड-४ एकाच वेळी निघाले तर किपचोगे साडेचार मिनिटे आधी पोचेल, आणि त्याला पार्किंग शोधावे लागणार नाही.

साडेचार सेकंदांत शंभर गाठायला साधारण साठ-पासष्ट मीटर मोकळा रस्ता लागतो. सकाळी नऊला वाकडच्या पुलाखाली दोन वाहनांतले सर्वांत मोठे अंतर एका दुचाकीएवढे असते, आणि तिथे दुचाकी असते. नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात चालकाला हे आकडे माहीत नसतात. तो गाडी स्पोर्ट मोडमध्ये ठेवतो. इंजिन गुरगुरते, गाडी दीड मीटर पुढे जाते, थांबते. तिसऱ्या दिवशी तो इको मोडवर येतो. पंधराव्या दिवशी लक्षात येते की चौकात इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची जी सोय गाडीत आहे, तीच आता सर्वांत जास्त वापरली जाते.

यानंतर गतिरोधक. हा विषय थोडा विस्ताराने पाहणे भाग आहे, कारण त्याबद्दल एक गैरसमज आहे. स्पोर्ट्स कार गतिरोधकावर घासते असे सर्रास म्हटले जाते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, आणि त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असावी. झेड-४ चे पोट जमिनीपासून सुमारे ११ सेंटिमीटर वर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरला थोडे कमी अंतर आहे. दहा आणि अकरा हे आकडे शेजारी ठेवले की माणूस घाबरतो. पण चार चाके त्या उंचवट्यावर असताना मधला फुगवटा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. म्हणजे पोटाखाली साडेसहा सेंटिमीटर शिल्लक. शास्त्रशुद्ध गतिरोधकावरून स्पोर्ट्स कार सुखाने जाते.

अडचण एवढीच की असा गतिरोधक रस्त्यावर पाहायला मिळण्यासाठी नशीब लागते. गल्लीतला गतिरोधक वेगळ्या प्रक्रियेने जन्माला येतो. एखाद्या आजोबांना दुचाकीचा धक्का लागतो, संध्याकाळी सोसायटीची बैठक होते, दोन दिवसांनी रात्री टेम्पोतून डांबर येते आणि सकाळी रस्त्यावर हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा बांध तयार असतो. त्रिज्या मोजायला कुणी आलेले नसते. पांढरे पट्टे पुढच्या अंदाजपत्रकात. अशा बांधावर गाडी तिरपी घालावी लागते, म्हणजे एकेक चाक क्रमाने चढवायचे आणि उतरवायचे. या कवायतीत गाडी पूर्ण रस्ता अडवते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो, मग उतरून पुढे येतो, वाकून पोटाखाली बघतो आणि ‘या साहेब, या, या... बास!’ असे मार्गदर्शन करतो. मार्गदर्शन संपल्यावर तो एकच प्रश्न विचारतो: “ॲव्हरेज किती देते?”

पोर्शेने ९११ साठी यावर एक उपाय काढला आहे. बटण दाबले की गाडीचे नाक सुमारे चार सेंटिमीटर वर उचलले जाते, आणि ते कुठे उचलले होते हे गाडी उपग्रहाच्या मदतीने लक्षात ठेवते. पुढच्या वेळी त्या जागी आली की आपण होऊन नाक वर करते. जर्मनीत ही सोय घराच्या उतारासाठी दोन-तीन ठिकाणी वापरली जात असावी. कोथरूड ते हिंजवडी या मार्गावर सगळी ठिकाणे नोंदवली तर त्या गाडीला नाक खाली करायला सवड मिळणार नाही.

टपाबद्दल थोडक्यात. झेड-४ चा कापडी टप दहा सेकंदांत उघडतो आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत गाडी चालू असतानाही उघडता येतो. ही अट वाकडला कधीच मोडत नाही. टप उघडला की डाव्या बाजूला पीएमपीच्या बसचे चाक कानाच्या पातळीवर येते, उजवीकडून काँक्रीट मिक्सरचा धूर येतो, आणि वरून मेट्रोच्या पुलावरचे पाणी. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या उन्नत मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली, तेव्हापासून या भागात आकाशाकडे बघत गाडी चालवणे शहाणपणाचे राहिलेले नाही. टप बंद ठेवला तर बाहेरचे काही दिसत नाही, कारण चालकाची नजर इतरांच्या बंपरवर असते. बंपरवरचे मजकूर मात्र या काळात त्याचे चांगले वाचून होतात.

सीटांचा प्रश्न ऑफिसात उभा राहतो. तळेगावला सगळे कंपनीच्या बसने येत, त्यामुळे कुणी काही मागितले नव्हते. हिंजवडीत कोथरूडचे लोक विपुल. पहिल्याच आठवड्यात चौघे विचारतात, “तुम्ही कोथरूडहून येता ना? मग कारपूल करू या.” दोन सीटांच्या गाडीत चौघांना कसे नाही म्हणायचे, हे अवघड काम आहे. त्याहून अवघड म्हणजे एकाला हो म्हणणे, कारण उरलेले तिघे त्याची नोंद ठेवतात. ज्याला हो म्हटले तो टीम लीड निघाला तर ती नोंद थेट अप्रेझलपर्यंत जाते. नव्या साहेबांची गाडी हा आणखी नाजूक मुद्दा आहे. साहेब बारा वर्षांची वॅगनआर चालवत असतील तर नव्या माणसाने पगारवाढ मागताना आवाज खाली ठेवावा, असा संकेत आहे. एचआरच्या लोकांना गाडी दिसली की ते ‘पैशांसाठी नाही, आवड म्हणून काम करणारा’ असा शिक्का मनातल्या मनात मारतात. तो पुसला जात नाही.

सामानाची जागा २८१ लिटर. लॅपटॉपची बॅग, डबा आणि बॅडमिंटनची रॅकेट व्यवस्थित मावते. गावाहून आलेले तांदळाचे पोते मावत नाही. हापूसच्या दोन पेट्या मावतात, पण मग बॅडमिंटन सोडावे लागते.

खर्चाचा हिशेब नमुना चालक साधारण दुसऱ्या महिन्यात मांडतो, तोही एक्सेलमध्ये, ऑफिसच्या वेळेत. रोजचे जाऊन-येऊन तीस किलोमीटर, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे ६६० किलोमीटर. हमरस्त्यावर बारा देणारी गाडी या रस्त्यावर लिटरला सहा देते असे धरले तर ११० लिटर पेट्रोल. १०४ रुपये दराने ११,४४० रुपये. त्याच रस्त्यावर पंचेचाळीस देणारी स्कूटर पंधराशे रुपयांच्या पेट्रोलवर महिना काढते आणि वाकडच्या पुलाखालून वीस मिनिटे आधी सुटते. यात टायर धरलेले नाहीत. स्पोर्ट्स कारचा टायर चपट्या कडेचा असतो. खड्ड्यात आपटला की कडेला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. बावीस टक्के पगारवाढीतले किती टक्के वाकडच्या खड्ड्यांत गेले, हा रकाना चालक शेवटी लपवून टाकतो. एक्सेलमध्ये तशी सोय आहे.

घरच्यांचे मत गाडी घेतानाच ठरलेले होते. ते बदललेले नसते, फक्त आता विचारले जाते. निवृत्त बाबांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच आहे: “दोनच सीटा? मग आम्ही कुठे बसायचं?” आईला गाडीत बसण्यात अडचण नाही, उतरण्यात आहे. गुडघेदुखीच्या माणसाला जमिनीपासून हातभर उंचीच्या सीटवरून उठवणे हे दोघांचे काम, आणि गाडीत माणसे दोनच असतात, त्यातला एक स्टिअरिंगमागे. बायको काही बोलत नाही. ती मोबाइलवर सीएनजी हॅचबॅकची माहिती उघडून तो मोबाइल जेवणाच्या टेबलावर उलटा न ठेवता सुलटा ठेवते.

पर्याय असे निघतात. विकणे हा पहिला, आणि तो विचारात घेतल्यासारखा दाखवून सोडून दिला जातो. स्पोर्ट्स कारची किंमत विचारणारे खूप असतात, विकत घेणारा नमुना दर वेळी मिळत नाही. शिवाय बघायला येणारे ‘एक राउंड मारू का?’ म्हणतात आणि राउंड खडकवासल्यापर्यंत जातो. मेट्रोचा विचार करणारा कोथरूडकर नकाशा पाहून गोंधळतो. वनाजहून आधी पूर्वेला शिवाजीनगर न्यायालयापर्यंत जायचे आणि तिथून दुसऱ्या मार्गिकेने पुन्हा वायव्येला माणकडे वळायचे. घरापासून दूर जाऊन ऑफिसच्या जवळ पोचण्याची ही रीत भूमितीला मान्य आहे, मनाला वेळ लागतो. मुंबईची ऑफर आलेल्यांची सुटका त्यामानाने सोपी. १९३० सालच्या १ जूनपासून डेक्कन क्वीन धावते आहे, आणि पासधारकांच्या डब्यात बसलेल्या माणसाला साडेचार सेकंदांबद्दल कुणी विचारत नाही. तिथे जागेवरून वाद होतात, वेगावरून नाही. कंपनीची बस हा सर्वांत समंजस पर्याय, पण ती सकाळी सातला करिश्मा सोसायटीच्या चौकात येते. ज्या माणसाने तळेगावसाठी रोज सहाला घर सोडले तोच आता सातच्या बसला ‘फार लवकर’ म्हणतो. गाडी आपली असली की पहाट सुंदर असते.

घरून काम मागणे हाही एक मार्ग आहे. आठवड्यातून दोन दिवस मिळाले तर पेट्रोलचा खर्च चाळीस टक्क्यांनी उतरतो, पण त्या दोन दिवसांत गाडी खाली उभी आणि चालक वर बसलेला, हे दृश्य बाबांच्या नजरेतून सुटत नाही. दुपारी चहाच्या वेळी ते बाल्कनीतून खाली बघतात आणि गाडीचा हप्ता किती आहे हे पुन्हा एकदा विचारतात.

बहुतेक घरांत शेवटी जे ठरते ते कुणी ठरवलेले नसते. एक दिवस चालक उशिरा उठतो आणि घाईत बायकोची स्कूटर घेऊन जातो. वाकडला बसच्या आणि डंपरच्या मधून, फुटपाथला स्पर्श न करता, म्हणजे फारसा स्पर्श न करता, तो पंचेचाळीस मिनिटांत ऑफिसात पोचतो. स्कूटरचे पार्किंग फाटकाजवळच असते, स्टिकर लागत नाही, आणि कारपूलचे चौघे ओळखही दाखवत नाहीत. दुसऱ्या दिवशीही तो स्कूटरच नेतो. महिनाभराने बायकोसाठी दुसरी स्कूटर घेतली जाते. बसक्या गाडीवर राखाडी कव्हर चढते, त्यावर सोसायटीतल्या मांजरांची कायमची वसती होते, आणि दसऱ्याला कव्हर काढून हार घातला जातो. पूजेच्या वेळी बाबा हळद-कुंकू लावताना थोडा जास्त वेळ घेतात. एरवी ते बोलत नाहीत, पण शेजारच्या सोसायटीतल्या मित्राला त्यांनीच खाली बोलावून गाडी दाखवलेली असते.

आधुनिक गाडी बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. मेकॅनिक सांगतात, आठवड्यातून एकदा निदान अर्धा तास चालवा. रविवारी सकाळी सहाला तेवढ्या वेळात कोथरूडहून चांदणी चौकातून बाह्यवळणाला लागून सूसपर्यंत जाऊन परत येता येते, आणि बाह्यवळणावर गतिरोधक नाही.